दुसरी ओळ

आधीच सांगते, मी संशयी बाई आहे. दूधवाल्यापासून पाळकसाहेबांपर्यंत कुणाचंही म्हणणं पडताळून पाहिल्याशिवाय मी घेत नाही. त्यामुळे खाली लिहिलंय ते खरं आहे, हे स्वतःशी कबूल करायलाच मला वर्ष लागलं. तुम्हाला पटलं नाही तरी माझी तक्रार नाही.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या, पिंपळ, टिटवी यातलं काहीच इथे नाही.

जे झालं ते रविवारी सकाळी, भर उजेडात, पन्नास-साठ माणसांच्या देखत झालं.

चर्चमध्ये.

तारीख एक डिसेंबर दोन हजार चोवीस. तालुका परभणी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे आजही दर रविवारी उपासना होते आणि मलाही तिथेच जायचं असतं.

आमचं चर्च लहान आहे. एक घंटा, एक बाजाची पेटी, आणि दर पावसाळ्यात त्याच जागी गळणारं छप्पर. पाळकसाहेबांकडे तीन चर्च आहेत, म्हणून ते एक रविवार सोडून येतात. बाकी सगळं आम्ही सभासदच चालवतो. मी शास्त्रवाचन करते. बन्सीधरकाका पेटी वाजवतात आणि गायन मंडळी सांभाळतात. त्यांची सून राजेश्री गाते, वेदीवर फुलं ठेवते, आणि दुसऱ्याच्या कामातही थोडं थोडं नाक खुपसते. मी हे तिच्या तोंडावरही बोलले आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. चर्चचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. पहिल्या रविवारी वेदीवर जांभळा कपडा येतो, पहिली मेणबत्ती लागते, आणि वर्षभराच्या सेवा वाटल्या जातात. पाळकसाहेब सेवेचं नाव घेतात, माणसाचं नाव घेतात. तीच सेवा पुढे करणार असाल तर उभं राहून म्हणायचं, "मी आहे." सोडणार असाल तर म्हणायचं, "सोपवते." दुसरीनं उठून म्हणायचं, "घेते." मग सगळ्यांनी एका आवाजात, "प्रभू तुला बळ देवो. आमेन."

एकदा आमेन झालं की वर्षभर ती सेवा तुमची. सोपवल्याशिवाय सुटत नाही.

आता कमलबाईंबद्दल.

त्यांची सेवा होती आजाऱ्यांची भेट. कितीतरी वर्षं. पांढरं लुगडं, जांभळे काठ. कुणी आजारी पडलं की कमलबाई पायी, नाहीतर मिळेल त्या जीपनं तिथे हजर. दारात चपला काढताना त्या बोटं रस्त्याकडे करून ठेवायच्या, निघताना वळायला नको म्हणून. आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसायच्या. चादरीचं टोक आजाऱ्याच्या पायांखाली नीट खोचायच्या. मग खालच्या आवाजात एका गीताची पहिली ओळ म्हणायच्या.

आणि थांबायच्या.

"दुसरी वळ तुझी हाय," असं सांगायच्या. आजारी माणसानं ती म्हणेपर्यंत बसून राहायच्या. घटकाभर लागो नाहीतर दुपार जावो. दुसरी ओळ स्वतःच्या तोंडानं म्हटली की माणसाला आपण अजून आहोत असं वाटतं, असं त्यांचं मत होतं. आम्हालाही ते आवडायचं.

ते गीत कोणतं, हे मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

माझ्या आईकडेही त्या यायच्या. आई म्हणजे सगुणाबाई. तिनं उमेदीची सगळी वर्षं गायन मंडळीत काढली. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. सूर मात्र राहिला. ऑफिसातून आले की संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून एखादी ओळ म्हणायचे आणि पुढची तिला शोधायला लावायचे. असंच करत राहा, शब्द परत येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई तोंड उघडायची, डोळे बारीक करायची, आणि शब्द काही यायचा नाही. तेव्हा माझी देवाकडे एकच मागणी होती. आईला पुढची ओळ आठवू दे.

सप्टेंबरात कमलबाई वारल्या. झोपेतच. त्यांना मूठमाती मी माझ्या हातानं दिली आहे. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमचे पाळकसाहेब बदलले. नवे साहेब तरुण, भले, आणि घाईचे. त्या एक डिसेंबरला त्यांच्या हातात मागच्या वर्षाचा कागद होता. कुणी दिला, कुणी पाहिला नाही, यावर पुढे पुष्कळ भांडणं झाली. साहेब एकेक नाव वाचत गेले. घंटा. फुलं. वाचन. मी उठले, "मी आहे" म्हणाले, बसले.

"आजाऱ्यांची भेट," साहेब म्हणाले. "कमलबाई."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. साहेबांना कुणीतरी सांगायला हवं होतं. बन्सीधरकाका पेटीमागून उठतही होते.

तेवढ्यात...

"मी आहे."

बायकांच्या बाजूनं. मागून, दाराजवळून. खालच्या आवाजात.

आणि जीभ ही सवयीची गुलाम. "प्रभू तुला बळ देवो. आमेन." अख्खं चर्च म्हणालं. मीही म्हणाले.

म्हणून झाल्यावर कळलं, आपण काय म्हणालो ते. सगळ्या माना मागे वळल्या.

शेवटच्या बाकावर कुणीच नव्हतं.

उपासना संपल्यावर मी एकीलाही घरी जाऊ दिलं नाही. दाराजवळ कोण बसलं होतं, कोण उशिरा आलं, सगळं विचारून काढलं. माझा संशय सरळ राजेश्रीवर होता. ही सेवा तिला हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय तिला नकला छान येतात. ती रडवेली झाली. म्हणाली, मी गायन मंडळीत पुढं बसले होते, मागून कशी बोलेन? मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

साहेब ओशाळले. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, ही सेवा कुणी घेतंय का? कुणीही उठलं नाही. मीही खाली बघत राहिले, घरी आई होती. मग साहेब म्हणाले, राहू द्या, पुढच्या आगमनकाळात बघू.

बन्सीधरकाका पेटीचं झाकण लावत हळूच बोलले, "नाव घेतलं, होकार आला, आमेन झालं. आता वर्षभर ही सेवा कुणाची, ते तुमीच सांगा."

मी म्हटलं, काका, तुमच्या सुनेची.

नाताळानंतर पेडगावला लिंबाजीबाबांकडे जायचं होतं. दम्यानं खाटेला खिळले होते. साहेब त्यांना घरी प्रभुभोजन, म्हणजे प्रार्थना करून भाकर नि द्राक्षरस, देणार होते आणि पिशवी धरायला मी बरोबर होते. बाबांची बायको दारातच म्हणाली, "कमलबाई सकाळीच येऊन गेली. लय दिसांनी आली बघा."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. कमलबाई गेल्याचं त्या दोघांच्या कानावरच आलेलं नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेकडे पाहिलं.

चादरीचं टोक... पायांखाली खोचलेलं होतं.

लिंबाजीबाबा खुशीत होते. "दुसरी वळ म्हणलो म्या," त्यांनी सांगितलं. "पुरी म्हणलो."

त्याच आठवड्यात ते गेले.

वय झालं होतं. दमा जुना होता. एवढ्यावर कुणी भुताखेतावर जात नाही, मीही गेले नाही. माझ्या डोक्यात एकच, की राजेश्री पांढरं लुगडं नेसून म्हाताऱ्या माणसांना फसवायलीय. त्या दिवशी सकाळी ती कुठे होती याची मी चौकशी केली. दळण आणायला गेली होती म्हणे. दळणाला एवढा वेळ?

मग झरीचा नागेश.

नागेश तरणाबांड गडी. ट्रॅक्टर चालवायचा. कावीळ झाली होती, पण उतरली होती. डॉक्टरांनी कामाला जा म्हणून सांगितलं होतं, आणि तो सोमवारी जाणारही होता. शनिवारी संध्याकाळी फोन आला. नागेश गेला.

मातीला आम्ही सगळे झरीला गेलो. नागेशच्या शेजारी धम्मशीला नावाच्या बाई राहतात. शाळेवर शिक्षिका आहेत. बौद्ध कुटुंब, आमच्या चर्चशी त्यांचा काही संबंध नाही. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, तुमच्यातल्या त्या बाई आज आल्या नाहीत का?

कोणत्या बाई?

"काल दुपारी आल्या होत्या त्या. पांढरं लुगडं, जांभळे काठ. घरची सगळी रानात होती म्हणून मीच पाणी दिलं. तांब्या हातात घेतला, आणि जसा भरलेला तसाच परत ठेवला. मग त्याच्या पायाशी बसल्या. एक ओळ म्हणाल्या आणि गप्प झाल्या. बराच वेळ गप्प. मला वाटलं, विसरल्या. मग नागेशनं पुढचं म्हटलं. त्या हसल्या आणि उठल्या."

मी मोबाईल काढला. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळाचा सगळ्यांचा फोटो होता. राजेश्रीवर बोट ठेवून विचारलं, ह्या का?

धम्मशीलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. फोटो मोठा करून त्यांनी दुसऱ्या टोकाला बोट ठेवलं.

"ह्या."

कमलबाई.

चपला कशा ठेवल्या होत्या, हे मी विचारलंच नाही. त्यांनीच सांगितलं. रस्त्याकडे तोंड करून. असं कुणी करत नाही म्हणून लक्षात राहिलं.

आणि काल दुपारी राजेश्री माझ्या डोळ्यांसमोर होती. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या गीतांची तालीम चालली होती. तिनं एक सूर चुकवला म्हणून मी तिला बोललेही होते. म्हणजे ती नव्हती. कधीच नव्हती. मला तिची माफी मागावी लागली. मागितली.

संशय मात्र गेला नाही. त्याला बसायला दुसरी जागा सापडली, इतकंच. कमलबाई येतात म्हणून माणूस जातो? की माणूस जाणार असतो म्हणून कमलबाई येतात? जिवंतपणी त्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं. पण मी हा प्रश्न रात्रंदिवस चघळत बसले, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

दोघांनीही दुसरी ओळ म्हटली होती.

त्या संध्याकाळी मी आईजवळ बसले आणि गायले नाही.

आईनं वाट पाहिली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग स्वतःच सूर धरला, नुसता सूर, शब्दांशिवाय, आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. मी टीव्ही लावला. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. पण आईला ती ओळ आठवत नव्हती, आणि आता तेच तिचं कुलूप होतं.

दिवसा आईजवळ कडूबाई असायची. आमच्या गल्लीतलीच, कामाला चोख. तिला मी बजावलं, दुपारी कडी लावून बसायचं. कुणी आलं तरी उघडायचं नाही. माझा आवाज आला तरच उघडायचं.

"अन् पाळकसायब आले तर?"

कुणीही. फक्त मी.

उन्हाळा गेला. पाऊस झाला. गावात आणखी दोन मरणं झाली, दोन्ही घरी मी गेले, आणि दोन्ही घरी मी काही विचारलं नाही. नोव्हेंबरात एका दुपारी कडूबाईचा ऑफिसात फोन आला. ती कुजबुजत होती.

दारावर टकटक झाली होती.

"बाईचा आवाज होता ताई. सगुणा, मी हाय, म्हणली. तुमची आई उठून बसायला बघायली. म्या काय उघडलं न्हाई."

मी रिक्षा करून घरी आले. दारात कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर धुळीत चपलांचे ठसे होते. दोनच. येण्याचे नाहीत, जाण्याचे नाहीत.

बोटं रस्त्याकडे.

मी बन्सीधरकाकांकडे गेले. ते म्हणाले, तिच्या नावावर सेवा हाय तोवर ती येणारच, तिचा काय दोष. तिच्याकडनं कुणीतरी घ्यायला पायजे. मी घरी येऊन रात्रभर विचार केला. उत्तर सोपं होतं. सेवा माझी झाली की त्यांना यायचं कारण उरत नाही. आणि मी काही आईला दुसरी ओळ म्हणायला लावणार नव्हते. आपली हुशारी मला फार आवडली, हे लपवत नाही.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. पुन्हा जांभळा कपडा, पुन्हा पहिली मेणबत्ती. साहेबांच्या हातात या वेळी नवा कागद होता.

"आजाऱ्यांची भेट," ते म्हणाले आणि जरा थांबले. "कमलबाईंची सेवा कोण घेतंय?"

मी उभी राहिले. "घेते."

"प्रभू तुला बळ देवो. आमेन."

खाली बसताना मला हलकं वाटलं. राजेश्री या वेळी माझ्या शेजारीच होती. तिनं माझा हात दाबला.

आणि मागून, दाराजवळून...

"सोपवते."

राजेश्रीचे ओठ मिटलेले होते. मी पाहत होते. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. या खेपेला कुणीही मान वळवली नाही. बन्सीधरकाकांनी घाईघाईनं पुढचं गीत सुरू केलं, ते भलत्याच सुरात, आणि आम्ही सगळे त्या सुरात शेवटपर्यंत गायलो.

झालं, सुटलो, असं मी धरून चालले. सुटीच्या दिवशी आजाऱ्यांकडे जायला लागले. फळं न्यायचे, प्रार्थना करायचे, गात मात्र नव्हते. नाताळाच्या आधी देवगाव फाट्याजवळ एका म्हातारीकडे गेले. तिच्या लेकानं मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमी मघाशीच येऊन गेलात की."

मी म्हटलं, मी आत्ता बसमधून उतरतेय.

"न्हाई हो. तुमीच. आईच्या पायाशी बसलात. गाणं म्हणलात."

आत म्हातारी झोपली होती. चादर पायांखाली खोचलेली होती. मी तिला काही न विचारता परत फिरले. दोन दिवसांनी फोन आला. काय म्हणून आला, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता जे सांगायचंय ते गेल्या मंगळवारचं.

मी संध्याकाळी ऑफिसातून आले. दाराला आतून कडी होती. हाक मारली, कडूबाईनं उघडलं आणि बाजूला झाली.

"आज दोनदा कसं काय आलात ताई?"

मी म्हटलं, दोनदा कधी?

"दुपारी आलात की. मी आवाज घेतला, तुमचाच. म्हणून उघडलं. तुमी काय माझ्यासंगं बोलला न्हाईत, सरळ आईपाशी जाऊन बसलात." मग तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. "चपला बी ह्याच होत्या. अंगठा शिवलेल्या. तेवढ्या उलट्या काढल्या होत्या, रस्त्याकडं तोंड करून."

त्या चपला दिवसभर माझ्या पायात होत्या. ऑफिसात शंभर माणसांनी मला पाहिलंय.

आई खाटेवर टेकून बसली होती. इतकी खूश मी तिला आजारपणानंतर पाहिली नव्हती. चादरीचं टोक पायांखाली खोचलेलं. तिनं डावा हात माझ्याकडे केला आणि एकेक शब्द ओढून काढत बोलली. वर्षभरात एवढं ती बोलली नव्हती.

"तू... गायलीस. लय दिसांनी."

मी तिच्या पायाशी बसले, मग दचकून उठले आणि उशाशी जाऊन बसले.

"दुसरी... माझी हाय. आठवंना." तिनं डोळे बारीक केले. "तू म्हणलीस... आठव. मी परत येते."

मी तिला म्हटलं, आई, ती मी नव्हते. ती हसली. लेकीला आई ओळखत नाही होय, असं ते हसणं होतं.

"तू सांग की," ती म्हणाली. "तुला येती."

मला येते. लहानपणी तिनंच शिकवली आहे.

तेव्हापासून मी रजेवर आहे. घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी घरात असेन तर दारात दुसरी मी कशी येईल, असा माझा हिशोब आहे. तो बरोबर आहे की नाही, माहीत नाही. कडूबाईला सांगितलंय, माझा आवाज आला तरी उघडू नकोस. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आता ती माझ्यावर संशय घेतेय हे मला समजलं. घेऊ दे. मीसुद्धा आरशात जरा जास्त वेळ बघते हल्ली. पाळकसाहेबांना फोन केला. सेवा परत द्यायची आहे, म्हटलं. ते म्हणाले, देता येईल, पण घेणारी कोण? राजेश्रीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते घेतलं नाही.

आई दिवसभर आठवायलीय. जेवताना थांबते. झोपेत ओठ हलतात. मी टीव्ही मोठा लावते, मुद्दाम दुसरीच गाणी लावते. ती त्याच्यातूनही आपला सूर धरते. बुधवारी तिला पहिला शब्द सापडला. तिनं मला हाक मारून तो ऐकवला. ज्यासाठी मी वर्षानुवर्षं प्रार्थना केली, ते माझ्या डोळ्यांसमोर घडतंय, आणि मी तिचं तोंड हातानं दाबायच्या बेतात असते.

म्हणून ते गीत मी इथे लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी आजारी असेल, आणि कुणी ओळखीचं पायाशी येऊन बसलं, एक ओळ म्हणून थांबलं, तर तुम्हीही गप्प बसा.

काल संध्याकाळी आईला तिसरा शब्द सापडला. ती लहान पोरीसारखी हसली. मीही हसले, दुसरं काय करणार?

ओळ चार शब्दांची आहे.